मदत हवी आहे: के-५६२ चा कंट्रोलच बदललाय, तुलना कशाशी करू?

नमस्कार मंडळी, ब्लड कॅन्सरच्या सेल लाइनचं (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींचं) कॅरिओटाइपिंग, म्हणजे क्रोमोसोम मोजणं-ओळखणं, कोणी केलं असेल तर प्लीज वाचा, दोन दिवस नीट झोप नाहीये.

मी के-५६२ वर काम करतेय. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या ५३ वर्षांच्या एका बाईच्या छातीतल्या पाण्यातून काढलेल्या या पेशी, पेपर १९७५ चा. जवळपास ट्रिप्लॉइड आहेत, म्हणजे ४६ ऐवजी ६७-६८ च्या आसपास क्रोमोसोम, आणि ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या अदलाबदलीतून झालेल्या बीसीआर-एबीएल जीनच्या बऱ्याच कॉप्या.

तर झालं असं की इमॅटिनिबचा (बीसीआर-एबीएलला अडवणारं औषध) डोस हळूहळू वाढवत एक फ्लास्क पाच महिने चालवला, रेझिस्टन्स येतो का बघायला, आणि शेजारी त्याच व्हायलमधला बिनऔषधाचा कंट्रोल. परवा दोन्हीचे २०-२० मेटाफेज (विभागणाऱ्या, क्रोमोसोम सुटे दिसणाऱ्या पेशी) मोजले. औषधवाल्यात एक लांब मार्कर (नेहमीपेक्षा वेगळा, बदललेला क्रोमोसोम) १४ पेशींत दिसला, मला वाटलं सापडलं, आणि मग कंट्रोलमध्येही तोच, ९ पेशींत! कंट्रोलमधले क्रोमोसोमचे आकडेही ५९ ते ६८ पसरलेत. कमी आकडे स्लाइड करताना क्रोमोसोम निसटल्यामुळे असतील, पण मार्कर त्याने येत नाही.

सर म्हणतात दोन्हीकडे आहे म्हणजे औषधाचा संबंध नाही, पुढे जा. मला ते पटत नाही, कारण हा मार्कर मूळ व्हायलमध्येच थोड्या पेशींत असेल आणि औषधाने त्यांना जास्त साथ दिली असेल तर? १४ आणि ९ मधला फरक एवढ्या कमी पेशींवर काहीच सांगत नाही. एचएल-६० या दुसऱ्या ल्युकेमिया सेल लाइनमध्येही मिक नावाच्या जीनच्या जादा कॉप्या सुरुवातीला डबल मिनिट्समध्ये (क्रोमोसोमबाहेरच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांत) सुट्या होत्या आणि पुढच्या पॅसेजला (पेशी पुन्हा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्यावर) क्रोमोसोममध्येच बसलेल्या दिसल्या, म्हणजे औषधाशिवायही हे होतंच.

सुरुवातीची एकच व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये उरलीय. ती उघडू का? मार्कर ५ टक्के पेशींत असेल तर २० मेटाफेजमध्ये एकही न दिसण्याची शक्यता साधारण ३६ टक्के येते, म्हणून त्याऐवजी बीसीआर-एबीएल प्रोबने फिश (चमकणाऱ्या प्रोबने तो जीन कुठे आहे ते पाहणं) करून निदान २०० न्यूक्लिअस मोजावेत असं डोक्यात आहे, पण या मार्करवर तो जीन नसेलच तर सगळं वाया. की आधी व्हायल वाढवून चार-पाच नव्या व्हायल गोठवू आणि मग मोजू?

दुसऱ्या पेशी मिसळल्यात का यासाठी एसटीआर (पेशींची ओळख पटवणारी डीएनए चाचणी) पाठवतेय. वाय क्रोमोसोम कुठेच दिसला नाही, पण तेवढ्याने खात्री होत नाही.

कोणी असा कंट्रोल वापरून थिसिस लिहिला असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा.