मदत हवी आहे: सुमात्रातल्या क्रुई किनाऱ्यावर जागा घेऊन राहायचंय

धागाकर्ता: सागरगोटा

जागा इंडोनेशियात आहे. सुमात्राचा पश्चिम किनारा, लाम्पुंग प्रांत, क्रुईच्या दक्षिणेला तांजुंग सतिया गाव. एप्रिल ते ऑक्टोबर सर्फिंगवाल्यांची वर्दळ असते, एरवी नारळ, भातशेती, मासेमारी आणि डोंगराकडे डमर राळेच्या बागा. समुद्राला लागून २० × ६० मीटरचा तुकडा आहे. मालकाकडे गावप्रमुखाने दिलेला 'एसकेटी' दाखला आहे, मालकीचं सर्टिफिकेट नाही. एजंट दोन मार्ग सुचवतो:

१) स्थानिक माणसाच्या नावावर खरेदी आणि आपल्यात वेगळा खासगी करार.
२) २५ वर्षांचा भाडेपट्टा, सगळे पैसे आगाऊ.

भारतीय पासपोर्ट, वास्तव्य पुण्यात. दोन खोल्यांचं घर बांधून वर्षाचे सहा महिने तिथे राहायचं, उरलेले महिने पर्यटकांना भाड्याने द्यायचं, असा बेत आहे. यात काय अडेल?

---

खाडीकाठ

पहिला मार्ग आजच सोडा. १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे (क्र. ५, कलम २१) पूर्ण मालकी, म्हणजे 'हक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. कलम २६(२) तर आणखी कडक आहे: परकीयाकडे सरळ किंवा आडून मालकी जाईल असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे उद्या वाद झाला आणि तुम्ही तो खासगी करार कोर्टात ठेवलात, तर स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच दिलात. एजंटला त्याचं कमिशन तोवर मिळालेलं असतं.

'हक पाकाई' हा परकीयांसाठीचा वापरहक्क ३० + २० + ३० वर्षांचा असतो. पण त्यासाठी इमिग्रेशनची कागदपत्रं लागतात आणि प्रांतवार किमान किमतीची अट आहे (बालीत घरासाठी ५ अब्ज रुपिया). परकीय भांडवलाची कंपनी काढायची तर १० अब्ज रुपियांहून मोठ्या गुंतवणुकीची योजना दाखवावी लागते. दोन खोल्यांसाठी दोन्ही अवाच्या सवा. उरतो भाडेपट्टा, 'हक सेवा'.

आता एसकेटी. क्रुईच्या त्या भागात गावाला 'पेकोन' आणि गावप्रमुखाला 'पेरातिन' म्हणतात. त्याचा दाखला सांगतो की जमीन अमुक माणूस कसतो. मालकी त्यातून सिद्ध होत नाही, आणि एकाच तुकड्याचे दोन दाखले दोन भावांकडे असू शकतात. जुने 'गिरिक' (जमीनकराच्या नोंदीचे) वगैरे कागदही २ फेब्रुवारी २०२६ पासून मालकीचा पुरावा धरले जात नाहीत. म्हणून अट घाला: मालकाने आधी भूमी कार्यालयातून (बीपीएन) मोजणी करून, शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन, हरकतींची नोटीस लावून स्वतःच्या नावे सर्टिफिकेट काढावं. खर्च तुम्ही उचललात तरी चालेल, तो भाड्यातून वळता करा. तोवर फार तर छोटी रक्कम नोटरीकडे ठेवा, मालकाच्या हातात नको.

करार नोटरीपुढेच करा. मसुदा इंडोनेशियन भाषेत असायलाच हवा, शेजारी इंग्रजी ठेवता येतो. नवरा-बायको दोघांची सही घ्या, आणि जमीन वारसाने आलेली असेल तर सगळ्या वारसांची. सही राहिलेला एखादा चुलत भाऊ दहा वर्षांनी उगवतो, हे तिथे नवीन नाही. बांधकामाचा हक्क, पोटभाड्याचा हक्क, मुदतवाढीच्या भाड्याचं सूत्र आणि मुदत संपल्यावर इमारत कुणाची, हे चार मुद्दे शब्दांत लिहून घ्या. 'मुदतवाढ परस्पर संमतीने' एवढंच लिहिलं असेल तर मुदतवाढ नाहीच असं समजा. भाड्यावर १० टक्के अंतिम कर लागतो, तो कोण भरणार तेही लिहा. नाहीतर मालक म्हणतो, मला निव्वळ रक्कम ठरली होती.

---

ओहोटी

वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी एक टेप घेऊन जा. २०१६ च्या अध्यक्षीय आदेशानुसार (क्र. ५१) 'सेम्पादान पांताई', म्हणजे किनाऱ्याचा संरक्षित पट्टा, सर्वोच्च भरतीरेषेपासून आत किमान १०० मीटर असतो. तुमचा तुकडा ६० मीटर खोल आहे आणि समुद्राला लागून आहे, म्हणजे अख्खा त्या पट्ट्यात. शेजाऱ्याने बांधलंय हा युक्तिवाद चालत नाही. त्याला नोटीस आली की तुम्हालाही येते.

परवान्यांचा क्रम असा: आधी जमीनवापराची अनुरूपता (केकेपीआर), मग बांधकाम मंजुरी (पीबीजी), बांधून झालं की वापरयोग्यतेचा दाखला (एसएलएफ). पहिल्यातच अडकणार असेल तर पुढचा खर्च कशाला? रस्त्यापलीकडचा तुकडा पाहा. स्वस्त पडेल आणि त्सुनामीच्या हिशेबानेही बरा. हा सुंदा या भूकंपप्रवण सागरी खंदकासमोरचा किनारा आहे, १९९४ मध्ये जवळच लिवात मोठा भूकंप झाला होता. तिकडचा नियम लक्षात ठेवा: २० सेकंद हादरलं तर २० मिनिटांत २० मीटर उंचीवर. जागा ठरवण्याआधी ती उंची पायी किती मिनिटांवर आहे ते मोजा, रात्रीच्या अंधारात आणि पावसातही जमेल अशा वाटेने.

---

सागरगोटा

१०० मीटरचं एजंट बोललाच नव्हता. धन्यवाद. रस्त्यापलीकडे भातखाचराला लागून एक तुकडा आहे. तिथे पाणी आणि बांधकामाचं काय बघू?

---

शेवाळ

तुकडा स्वतः भातजमीन म्हणून संरक्षित नाही ना, ते आधी तपासा. संरक्षित 'सावाह'वर (भातखाचरावर) घराला मंजुरी मिळत नाही.

पाणी: बोअर जितकी खोल तितकं चांगलं पाणी, हे देशावरचं गणित इथे उलटं पडतं. किनाऱ्यावर गोड पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीपासून १ मीटर उंच गोड्या पाण्यामागे खाली साधारण ४० मीटर गोडा थर असतो. जोरात उपसलं की ती १ मीटरची उंची घटते आणि खारं पाणी वर चढतं, मग बोअर वाया. उथळ विहीर, लहान पंप, २००० लिटरची टाकी आणि हळू भरणं हेच बरं. चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या, पावसाळ्यातली चाचणी फसवते. सहा-आठ तास सलग उपसा आणि दर तासाला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) लिहा. आकडा चढत गेला तर तुकडा सोडा. ५०० च्या आत स्थिर राहिला तर उत्तम. शोषखड्डा विहिरीपासून किमान १० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. वाळूत मी १५ म्हणेन. शेजारी भात असेल तर खतं-कीटकनाशकांसाठी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

वीज: पीएलएनचं (सरकारी वीज कंपनीचं) १३०० व्हीए कनेक्शन एक एसी आणि पंप एकदम लागले की पडतं. २२०० घ्या. दोन्हींचा दर युनिटला १,४४४.७० रुपिया, मीटर बहुधा टोकनचा (प्रीपेड).

बांधकाम: समुद्राची वाळू काँक्रीटमध्ये घालू देऊ नका, सळ्या आतून फुगून काँक्रीट फोडतात. बाहेरच्या बाजूला सळीवर ५० मिमी आवरण ठेवा, स्क्रू-बिजागऱ्या ३१६ स्टेनलेसच्या. छपराचं कोडं आहे: कौलं भूकंपात जड, पत्रा खाऱ्या वाऱ्यात गंजतो. बिटुमेनची पन्हाळी शीट मधला मार्ग. लाकडाला बोरॉन प्रक्रिया केली नाही तर वाळवी फस्त करते.

---

पैसाअडका

व्हिसा: आगमनावर मिळणारा ३० + ३० दिवसांचा, ५ लाख रुपिया. जास्त राहायचं तर भेट व्हिसा ६० दिवसांचा, मुदतवाढीने १८० पर्यंत. मुदत उलटली तर रोज १० लाख रुपिया दंड. बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर तिथले करदाते होऊ शकता. तुमचे 'सहा महिने' त्या रेषेवरच आहेत, पाच ठेवा. आणि भेट व्हिसावर घर पर्यटकांना देऊन पैसे कमावता येत नाहीत. तो भाग परवानाधारक स्थानिक व्यावसायिकाकडे सोपवा किंवा बेतातून काढा.

भारतातून पैसे एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना), आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत. बँकेत फॉर्म ए२ भरताना परदेशी स्थावराचा कोड एस०००५ टाका, 'प्रवास' नको. वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (बँक आधीच घेते तो कर) कापतात, तो रिटर्नमध्ये वळता होतो. भाडेपट्टा रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दरवर्षी दाखवा, राहिला तर १० लाखांचा दंड होऊ शकतो.

---

खाडीकाठ

भातखाचराच्या तुकड्याला रस्ता कुणाच्या बांधावरून जातो? तो दुसऱ्याचा असेल तर त्या मालकाकडूनही वाटेचा हक्क नोटरीपुढे लिहून घ्या, रुंदी मीटरमध्ये आणि ट्रक जाईल अशी. सिमेंट आणायच्या दिवशी ती वाट बंद झाली तर भाडेपट्टा चालू राहतो आणि काम थांबतं.