डिझरायली घराणं : पोरामुळे बाप मोठा?

ग्रंथसखा : काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘आयझॅक डिझरायली म्हणजे चाळीस पौंडांच्या दंडापायी ज्यू धर्म सोडणारा पुस्तकी किडा, पोरगा बेंजामिन ब्रिटनचा पंतप्रधान झाला म्हणून आठवतो.’ वाचून डोकंच फिरलं. 1813 मध्ये लंडनच्या बेव्हिस मार्क्स सिनेगॉगनं (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरानं) त्यांना पदाधिकारी निवडलं. त्यांनी नकार दिला, म्हणून दंड. 1817 मध्ये सभासदत्व सोडलं, पण बाप्तिस्मा झाला तो मुलांचा. स्वतः 1848 मध्ये गेले ते बाप्तिस्मा न घेताच. आणि त्यांचं पुस्तक ‘क्युरिऑसिटीज ऑफ लिटरेचर’ 1791 चं, बेंजामिन जन्मला 1804 मध्ये! घरातलं आयतं नाव कुणाला मिळालं, सांगा.

सातारकर : बारा वर्षांच्या पोराला विचारलं होतं का बाप्तिस्म्याचं? 1858 पर्यंत ख्रिस्ती शपथेशिवाय संसदेत बसता येत नव्हतं, हा 1837 लाच निवडून आला. बापाच्या रागाचा पोराला फायदा, एवढंच. आणि या बेंजामिनचं कौतुक मला सांगू नका. राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी करणारा 1876 चा कायदा यानंच आणला. 1877 च्या जानेवारीत दिल्लीत दरबार भरला, तेव्हा दख्खनमध्ये माणसं दुष्काळानं मरत होती.

नीरजा : बाप आणि पोरगा, झालं का घराणं? बेंजामिनची बहीण सारा कुठाय? तिचा होणारा नवरा 1831 मध्ये कैरोत देवीनं गेला, तिनं पुढे लग्न केलं नाही. 1839 मध्ये आयझॅकची दृष्टी गेली. त्यांचं ‘अमेनिटीज ऑफ लिटरेचर’ (1841) साराच्या डोळ्यांनी आणि हातांनी पुरं झालं. 1834 मध्ये भावाबरोबर कादंबरी लिहिली, ‘चेरी’ आणि ‘फेअर स्टार’ या टोपणनावांनी. ती कुणाची हे कळायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.
माझ्या आत्यानं आजोबांची कीर्तनाची आख्यानं लिहून काढली, त्यांचा हात थरथरायचा म्हणून. पुस्तकात छापखानेवाल्याचे आभार आहेत, आत्याचं नाव नाही.

सातारकर : आत्यांबद्दल वाईट वाटलं, पण घरची गोष्ट हा पुरावा नव्हे.

नीरजा : तुमचा दुष्काळ चालतो, माझी आत्या नाही?

ग्रंथसखा : भांडू नका. आयझॅकनी ‘अमेनिटीज’च्या प्रस्तावनेत ऋण मानलंय : तिच्या डोळ्यांचा उजेड, तिचा आवाज, तिच्या हातचं नेटकं काम.

नीरजा : नाव लिहिलंय?

ग्रंथसखा : ...नाही. ‘ती’ एवढंच.

नीरजा : मग? त्या तीन खंडांत भावाचं एक वाक्य नसलं तरी पुतळे त्याचेच उभे राहतात.

सातारकर : नाव नाही, हे मान्य. तेवढंच.

ग्रंथसखा : सातारकर, 27 जुलै 1857 ला याच बेंजामिननं संसदेत विचारलं होतं, हे शिपायांचं बंड की राष्ट्राचा उठाव? दत्तक नाकारून संस्थानं गिळण्यावरही बोलला. साताऱ्याच्या माणसानं तरी हे विसरू नये.

सातारकर : तेव्हा विरोधी बाकांवर होता. बोलायला काय जातंय? सत्तेत आल्यावर एक तरी संस्थान परत दिलं का, ते दाखवा.