मदत हवी आहे: ऑब्झर्व्हर नसला तरी एकच उत्तर का येतं?
डबल स्लिटवर (कण दोन फटींतून सोडायचा क्वांटम प्रयोग) अडकलोय. 2004 ला व्हिएन्नात सी-70 (70 कार्बन अणूंचे) रेणू लेझरने तापवून सोडले, तर ते वाटेत स्वतःच फोटॉन टाकत गेले आणि इंटरफिअरन्सचे (लाटा एकमेकींत मिसळून होणारे) पट्टे पुसट झाले, म्हणजे कोणी बघायची गरजच नाही, माहिती बाहेर सांडली की झालं. इथवर डीकोहिअरन्स (माहिती परिसरात सांडल्याने इंटरफिअरन्स जाणं) पटतं, डेन्सिटी मॅट्रिक्सचं (क्वांटम अवस्था मांडणारा आकड्यांचा तक्ता) गणितही करून बघितलं, ऑफ-डायगोनल टर्म्स (इंटरफिअरन्स दाखवणाऱ्या) शून्याकडे जातात. पण डायगोनलवर (जिथे प्रत्येक शक्यतेची संभाव्यता असते) दोन्ही शक्यता तशाच बसून राहतात आणि डिटेक्टरवर मात्र टिंब एकाच जागी उमटतं! कोपनहेगन (मोजताच एकच उत्तर ठरतं), मेनी वर्ल्ड्स (सगळी उत्तरं वेगवेगळ्या शाखांत घडतात) हे अर्थ वरवर माहितीयेत, जाणिवेमुळे कोलॅप्स (अनेक शक्यतांची एकच होणं) वाले व्हिडिओ नकोत (बघून डोकं उठलंय). त्या दोनातलं एकच घडणं डीकोहिअरन्समधून निघतं, की ते वेगळं गृहीत धरावंच लागतं?