चाळिशीनंतर ताटात नेमकं काय कमी पडतं? शहरातली मी आणि गावातली जाऊ, दोघींचेही रिपोर्ट कमी (इंदूर-देवास)

सुदामानगरची सून
नमस्कार मंडळी. मी इंदूरला असते, वय ४७, दिवसभर खुर्चीवर बसून काम. माझी धाकटी जाऊ देवासच्या पुढे गावात असते, ती ४४ची, घरची शेती, गहू-सोयाबीन आणि दोन म्हशी. आमच्याकडे सणावाराला सगळे जमले की एक वाद ठरलेला असतो, दीर म्हणतात तुम्ही शहरातले लोक पाकिटातलं खाता, आमच्याकडे घरचा गहू घरचं दूध, आणि माझे मिस्टर म्हणतात अरे पण इथे बारा महिने सगळ्या भाज्या, फळं, पनीर मिळतं, तुमच्याकडे उन्हाळ्यात बटाटा आणि कांदा सोडून काय असतं.

तर यावेळी आम्ही दोघींनी रक्त तपासून घेतलं. माझं हिमोग्लोबिन १०.८, व्हिटॅमिन बी१२ कमी आणि व्हिटॅमिन डी तर फारच कमी. मला वाटलं जाऊचं चांगलं येईल कारण ती माझ्या दुप्पट जेवते आणि उन्हातच असते, तर तिचं हिमोग्लोबिन ९.६! डॉक्टरांनी दोघींना गोळ्या लिहून दिल्या पण खाण्याबद्दल विचारायला तिथे वेळच नव्हता.

माझं रोजचं: सकाळी चहा दोन बिस्किटं, मग एक प्लेट पोहे वरून शेव (इंदूरचं माहितीच आहे), दुपारी डब्यात तीन फुलके, भाजी, थोडा भात आणि पातळसं वरण, चार वाजता चहा, रात्री दोन फुलके आणि भाजी. अंडं-मांस घरात नाही. जाऊचं: सकाळी चहा, शेतावर जायच्या आधी तीन जाड पोळ्या आणि लोणचं किंवा मिरचीचा ठेचा, दुपारी परत तीन पोळ्या, बटाटा किंवा जी असेल ती भाजी, रात्री दोन पोळ्या आणि डाळ, आणि प्रत्येक जेवणानंतर चहा. कोणी नीट हिशोब करून सांगेल का की आमचं दोघींचं कमी कुठे पडतंय?

रामबागवाले काका
वहिनी, बी१२ चं मी सांगतो कारण त्यातून मी गेलोय. पायाला मुंग्या यायच्या, मला वाटायचं शुगरमुळे. बी१२ वनस्पतीत नसतंच, दूध-दही, अंडी, मासे-मांस एवढ्यातूनच मिळतं, आणि चहात घातलेलं तीन चमचे दूध म्हणजे दूध पिणं नाही. शिवाय शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ अजून खाली जातं, ॲसिडिटीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांचंही. घरात कोणी या गोळ्या घेत असेल तर त्यांचंही बी१२ तपासून घ्या, मिस्टरांना सांगा टाळू नका.

वैशालीनगर ताई
मी बरीच वर्षं कॉलेजात आहारशास्त्र शिकवलंय, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुम्ही यादी इतकी नीट दिलीत की वाटी आणि पोळीच्या अंदाजाने हिशोब होतो.

आधी तुमचा. प्लेटभर पोह्यांत कोरडे पोहे साधारण ६० ग्रॅम, त्यातून साडेचार ग्रॅम प्रोटीन. पाच फुलके म्हणजे सव्वाशे ग्रॅम कणीक, त्यातून १३-१४. पातळ वरणात खरी डाळ वीस ग्रॅमच असते, त्याचे साडेचार. भाताचे तीन-चार, चहातल्या दुधाचे तीन-चार, शेवेचे दोन-तीन, भाजी-बिस्किटांचे तीन-चार धरा. झाले ३६-३७ ग्रॅम. आयसीएमआर-एनआयएनने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे ५५ किलोच्या बाईला रोज ४६ ग्रॅम लागतं. कॅल्शियम १००० मिलिग्रॅम हवं, तुमच्या यादीत ते निम्म्यावरही पोचत नाही कारण दूध-दही जवळजवळ नाहीच.

आता जाऊबाईंचा. आठ जाड पोळ्या म्हणजे कमीत कमी साडेतीनशे ग्रॅम कणीक. नुसत्या पोळ्यांतूनच ३६-३७ ग्रॅम प्रोटीन आलं, डाळ आणि चहातलं दूध मिळून ४६ च्या आसपास गेलं. कागदावर त्या पास आहेत. आणि इथेच मला जे सांगायचंय ते आहे. त्याच २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला १६६० कॅलरी सांगितल्यात आणि जड कष्टाचं काम करणारीला २७२०. हजाराहून जास्त फरक आहे, पण प्रोटीन दोघींना तेच ४६, कॅल्शियम तेच, लोहही तेच २९ मिलिग्रॅम. म्हणजे जाऊबाई एवढ्या पोळ्या खातात म्हणून त्यांचं प्रोटीन आपोआप भरून निघतं, तुम्हाला मात्र तेवढंच सगळं पुष्कळ कमी अन्नातून काढायचंय. तुम्ही त्यांच्यासारख्या आठ पोळ्या खाल्ल्यात तर वजन वाढेल, आणि आहे ते ताट नुसतं अर्धं केलंत तर प्रोटीन-कॅल्शियमही अर्धं होईल. चाळिशीनंतर भूक आणि हालचाल कमी होत जाते, गरज मात्र तिथेच राहते, उलट पाळी थांबल्यावर कॅल्शियम १२०० लागतं. म्हणून बैठ्या माणसाच्या ताटात पोळी-भात-पोह्यांची जागा कमी करून डाळ, दही, भाजी, दाणे यांची वाढवायची. एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरीच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, भाज्या ४०० ग्रॅम असं सांगितलंय. तुमची डाळ वीस ग्रॅम आहे, यावरून अंतर बघा.

मग जाऊबाईंचं हिमोग्लोबिन का कमी? साडेतीनशे ग्रॅम कणकेत लोह बऱ्यापैकी असतं, चौदा-पंधरा मिलिग्रॅम. पण गव्हातलं लोह फायटेट नावाच्या घटकात अडकलेलं असतं, धान्यावर चालणाऱ्या जेवणातून शरीर दहा टक्केसुद्धा घेत नाही, आणि त्यावर लगेच चहा म्हणजे चहातलं टॅनिन उरलेलंही अडवतं. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो, असलं काही आंबट त्या ताटात नाही. लोणचं-ठेच्यात नावाला असेल तेवढंच. शिवाय पोळ्यांच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, तो डाळीतून येतो आणि डाळ फक्त रात्री. म्हणून त्यांचाही आकडा पुरा दिसला तरी दर्जा कमीच आहे.

अजून एक, ९.६ नुसतं खाण्यावर सोडू नका. ४४ व्या वर्षी पाळीला जास्त जातं का, गर्भाशयात गाठी आहेत का हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे बघायलाच हवं, आणि शेतात अनवाणी काम असेल तर जंतांचंही विचारा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दोघींनी पूर्ण घ्या, खाणं त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही.

मालवा_भटक्या
पण ताई पोह्यात तर भरपूर आयर्न असतं ना? आमच्या आईला डॉक्टरांनी मुद्दाम पोहे खायला सांगितलेले.

वैशालीनगर ताई
अन्नघटकांच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम पोह्यांना २० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं होतं, तिथून ते सगळीकडे पसरलं. एनआयएनच्या २०१७ च्या नव्या तक्त्यात ते साडेचारच्या आसपास आहे. पोहे सोडायचे नाहीत, इंदूरात कोण सोडणार, पण त्यांच्यावर अख्खं लिंबू पिळा, मूठभर दाणे आणि मटार जास्त घाला, शेव कमी करा आणि चहा तास-दीड तासाने घ्या. लोखंडी कढईत केले तर अजून चांगलं.

सांवेरचा शेतकरी
गावाकडून मी लिहितो. शहरातल्या लोकांना वाटतं गावात दूध-तुपाची गंगा वाहते. भाऊ, म्हशी आहेत पण दूध पहाटे डेअरीवर जातं, त्याच पैशातून बिलं आणि मुलांची फी निघते, घरात चहापुरतं उरतं. जाऊबाईंकडे दोन म्हशी असूनही त्या दूध पितात असं तुम्ही यादीत लिहिलेलं नाही, ते बघून मला आमचंच घर दिसलं.

आणि दुसरं, आमच्या आजोबांच्या वेळी इथे ज्वारी-मका पुष्कळ व्हायचा, सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी गेली. पैसा आला हे खरं, मी नाकारत नाही, पण सोयाबीन पोत्यात भरून मंडीत जातं, घरात त्याचा दाणा शिजत नाही. सगळ्यात जास्त प्रोटीन आपण पिकवतो आणि आपण खातो गव्हाची पोळी नि बटाटा, मला याचं फार वाईट वाटतं. तूर पण आता बांधावर लावत नाहीत, डाळ दुकानातून येते, महाग झाली की वरण पातळ होतं. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, तेही गहू-तांदूळच, त्यामुळे पोट भरतं पण बाकीचं विकतच घ्यावं लागतं. हिवाळ्यात गव्हात चाकवत फुकट उगवायचा, हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून भाजी व्हायची, आता तणनाशक मारल्यावर चाकवत राहतो कुठे.

कामाचंही बदललंय. पेरणी ट्रॅक्टरने, काढणी हार्वेस्टरने, शेतावर बाईकने. पुरुषांचे कष्ट निम्म्याने कमी झाले पण पोळ्या तेवढ्याच, म्हणून गावातही पन्नाशीचे लोक शुगर-बीपीच्या गोळ्या घेताना दिसतात. बायकांचं तसं नाही, निंदणी, गुरं, चूल सगळं आहेच आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी.

वैशालीनगर ताई
दादा, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं लिहिलंत. २०२३-२४ च्या सरकारी घरखर्च सर्वेक्षणात ग्रामीण भागात माणशी रोज साधारण ६२ ग्रॅम प्रोटीन आणि शहरात ६३ ग्रॅम, म्हणजे जवळपास सारखंच दिसतं. फरक स्निग्ध पदार्थांत जास्त आहे, गावात ६० आणि शहरात ७०. पण ही घराची सरासरी आहे, कोणाच्या ताटात किती पडलं ते त्यात दिसत नाही. शेवटी जेवणारीच्या वाटीत डाळीचं पाणी येतं आणि कागदावर ती ६२ ग्रॅम खाते. एनएफएचएस-५ (२०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मध्ये १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं, गावात ५८.५ टक्के आणि शहरात ५३.८ टक्के आहे, दोन्हीकडे अर्ध्याहून जास्त. वजनाचं मात्र वेगळं, जास्त वजनाच्या बायका शहरात ३३ टक्के, गावात २० च्या आत, आणि तरी गावात पाचात एक बाई फार बारीक. म्हणून तुमच्या घरातला वाद कोणीच जिंकणार नाही, दोन्ही ताटांत धान्य जास्त आहे आणि बाकीचं कमी.

सोयाबीन घरात आणायची सोपी पद्धत सांगते: दाणे स्वच्छ करून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचे, वाळवायचे आणि ९ किलो गव्हात १ किलो मिसळून दळायचे. कच्चं सोयाबीन दळू नका, त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. या कणकेत १०० ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅम प्रोटीन वाढतं, गव्हात कमी असलेलं लायसिनही मिळतं आणि पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. जाऊबाईंच्या घरात तर हे विकत आणायलाही नको.

सुदामानगरची सून
ताई, दादा, खूप आभार. जाऊला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली दूध खरंच सगळं जातं, पण आता रोज अर्धा लिटर घरात ठेवून दही लावणार, दीरांशी ती बोलेल आणि मी पण बोलणार. डाळ दुपारीही करेल आणि बांधावर दोन ओळी तूर लावायचं दीर स्वतःच म्हणाले. मी सकाळी पोह्यांऐवजी मधूनमधून मुगाचे डोसे किंवा पिठलं, आणि डब्यात एक वाटी दही आणि मोड आलेली मटकी असं ठरवलंय. एक शंका, मला थायरॉइडची गोळी चालू आहे, सोयाबीनची कणीक चालेल का? आणि लोह, कॅल्शियम, थायरॉइड या सगळ्या गोळ्या मी सकाळी एकदमच घेते म्हणजे विसरायला होत नाही.

वैशालीनगर ताई
एकदम घेऊ नका! थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नको. लोह आणि कॅल्शियम दोन्ही त्या गोळीला अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा, आणि ती दोघंही एकमेकांबरोबर नकोत कारण कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं. दुपारी लोह लिंबूपाण्याबरोबर आणि रात्री जेवणानंतर कॅल्शियम असं बसवता येईल, फक्त तुमच्या डॉक्टरांना वेळा एकदा दाखवून घ्या. सोयाबीनही त्या गोळीचं शोषण कमी करू शकतं, म्हणून सोयाबीनच्या कणकेची पोळी सकाळी नको, दुपारी-रात्री खा, आणि सुरू केल्यावर पुढच्या थायरॉइडच्या (टीएसएच) तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसं सांगा. घरात कोणाला किडनीचा त्रास असेल तर त्यांचं प्रोटीन आपल्या मनाने वाढवू नका.

रामबागवाले काका
वहिनी, डी चं राहिलं. ऑफिसला जाताना-येताना गाडीच्या काचेतून येणारं ऊन कामाचं नाही, काच ते किरण अडवते. दुपारच्या सुट्टीत गच्चीवर जा, हात उघडे ठेवून. डॉक्टरांनी आठवड्याची डी ची पावडर दिली असेल तर ती आठवड्यालाच घ्या, रोज घेऊ नका, आमच्या ओळखीत एकांनी रोज घेतली आणि दवाखान्यात जावं लागलं.