कूस बदलूनही माकडहाडावर लाली दिसते; पुढे काय करावे?

विद्यार्थिनी, प्रथम वर्ष:
नमस्कार. सध्या माझी पोस्टिंग मेडिसिन वॉर्डात आहे. अर्धांगवायू झालेल्या एका वयस्क रुग्णाची देखभाल माझ्याकडे दिलेली असून त्यांना स्वतःहून हालचाल करता येत नाही. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते आणि चार्टवर वेळ लिहून सही करते. तरीही आज स्पंज देताना माकडहाडावर नाण्याएवढा लालसर डाग दिसला. कातडी सोललेली नाही, फोडही नाही. तेल लावून ती जागा चोळावी, असा नातेवाइकांचा आग्रह होता. मी तूर्त नको म्हटले, पण कारण नीट सांगता आले नाही. चोळणे योग्य की अयोग्य? आणि वेळ पाळूनही लाली का यावी?

नर्सिंग शिक्षिका:
आपण थांबवलेत ते योग्यच केले. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस व कातडी बराच वेळ दाबली गेली की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि तिथल्या पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. लाल झालेली जागा म्हणजे आधीच इजा पोहोचू लागलेली जागा. ती चोळल्याने आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना आणखी धक्का बसतो. पाठीच्या काळजीत मसाज शिकवला जातो हे खरे, परंतु तो निरोगी कातडीसाठी. लालीवर कधीही नाही. नातेवाइकांना एवढेच सांगा की या जागेला चोळण्याची नव्हे, दाबातून सुटकेची गरज आहे. त्यांच्या मनात रुग्णाविषयी कळकळ असते, त्यामुळे कारण कळले की ते बहुधा ऐकतात.

आता डाग कसा तपासायचा ते पाहा. रुग्णाला कुशीवर करून त्या जागेवर बोट साधारण तीन सेकंद हलकेच दाबून धरा आणि उचला. जागा क्षणभर फिकट पडून पुन्हा लाल झाली, तर रक्तप्रवाह अजून चालू आहे आणि दाब काढल्यावर ती लाली ओसरण्याची शक्यता असते. बोट उचलल्यावरही ती तशीच लाल राहिली, तर तो दाबव्रणाचा (दाबामुळे होणाऱ्या जखमेचा) पहिला टप्पा समजावा, कातडी अखंड असली तरीही. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या रुग्णांत लाली डोळ्यांना दिसेलच असे नाही. तेथे हाताची पाठ लावून आजूबाजूपेक्षा ती जागा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का, आणि रुग्णाला दुखते का, हे पाहावे लागते. जागा जांभळट किंवा काळपट लाल दिसली, तर मात्र आत खोल इजा असू शकते. जे दिसेल ते त्याच वेळी इनचार्ज सिस्टरांना दाखवा. ड्युटीची पाळी संपेपर्यंत थांबू नका.

अतिदक्षता विभागातील परिचारिका:
वेळ पाळूनही लाली का, याचे उत्तर बहुतेक वेळा दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात सापडते. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांहून अधिक वर असेल, तर रुग्ण हळूहळू पायाकडे घसरतो. कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतले हाड खाली सरकते, त्यामुळे मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात व पिळवटतात. जेवण देताना किंवा नळीतून फीड देताना डोके उंच ठेवावेच लागते, पण तेव्हा आधी गुडघ्यांखालचा भाग थोडा उचलावा, म्हणजे घसरणे कमी होते. घसरलेल्या रुग्णाला बगलेत हात घालून ओढणे हे तर सर्वांत वाईट. दोघींनी ड्रॉ शीट (रुग्णाच्या अंगाखाली आडवी घातलेली चादर) धरून उचलून वर घ्यावे.

कुशीवर ठेवताना रुग्णाला पूर्ण आडवे करून खुब्याच्या हाडावर टेकवू नका. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांचा कल पुरतो. उशी लावल्यावर तळहात माकडहाडाखाली सरकवून पाहा: हाड गादीला टेकत नसेल तरच स्थिती बरोबर. टाचांसाठी उशी पोटऱ्यांखाली असावी आणि टाचा अधांतरी राहाव्यात. मधोमध भोक असलेली गोल रिंग वापरू नये. तिच्या कडेचा दाब भोवतालच्या कातडीवर पडतो. ऑक्सिजनच्या नळीखालची कानामागची जागा आणि मांडीखाली आलेली कॅथेटरची (लघवीची) नळीही दर वेळी तपासावी, कारण नळ्यांखालची जागा सहज नजरेतून सुटते.

विद्यार्थिनी, प्रथम वर्ष:
मनःपूर्वक आभार. बोट दाबून पाहिले. जागा फिकट पडते. सिस्टरांनाही दाखवले आहे. मग दोन तासांचे अंतर आता कमी करावे का? आणि चार्टवर नेमके काय लिहावे?

नर्सिंग शिक्षिका:
दोन तास हा पूर्वापार चालत आलेला आकडा आहे, सर्व रुग्णांना लागू पडणारा नव्हे. ब्रिटनमधील नाइस या, उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या सूचनांत धोका असलेल्या प्रौढांसाठी किमान दर सहा तासांनी आणि जास्त धोका असलेल्यांसाठी किमान दर चार तासांनी स्थिती बदलावी, असे सांगितले आहे. अंतर ठरवताना गादीचा प्रकार आणि कातडीची स्थितीही पाहावी लागते. आपल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र लाली आल्याचे दिसल्याने अंतर वाढवण्याचा विचारही नको. ती पूर्ण ओसरेपर्यंत त्यांना पाठीवर शक्यतो ठेवू नये आणि अंतर किती कमी करायचे ते इनचार्ज सिस्टरांशी बोलून ठरवावे. लुळ्या बाजूवर कमी वेळ ठेवा, कारण तेथे दुखल्याचे रुग्णाला जाणवेलच असे नाही; आणि वळवताना लुळा हात कधीही ओढू नका, खांद्याचा सांधा निखळू शकतो. आधार खांद्याचे पाते आणि कमरेला द्यावा.

धोका मोजण्यासाठी ब्रेडन स्केल वापरा. त्यात संवेदना, ओलावा, हालचालीचे प्रमाण, स्थिती बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा बाबींना गुण असतात. एकूण ६ ते २३, आणि १८ किंवा त्याहून कमी म्हणजे धोका. कोणत्या बाबीत गुण कमी पडले ते पाहणे एकूण आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे: ओलाव्यात कमी असतील तर डायपर आणि चादर वेळेवर बदलणे आले, आहारात कमी असतील तर डायटिशियनला कळवणे आले.

चार्टवर नुसते ‘कूस बदलली’ असे लिहू नये. कोणत्या बाजूवरून कोणत्या बाजूवर, लालीची जागा, सेंटिमीटरमध्ये आकार, दाबल्यावर फिकट पडते की नाही, आणि कोणाला कळवले, हे सर्व लिहावे. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरांसह ती जागा प्रत्यक्ष पाहावी, म्हणजे डाग वाढला की ओसरला हे त्यांना नंतर ठरवता येईल.