रि: गणपतीची छपाई: स्मरणिका, बॅनर, कुपनं, टी-शर्ट (एकदाच काय ते ठरवूया)

प्रेषक: नीलम (खजिनदार)

मंडळी नमस्कार,

आपल्या इथल्या यूकेतल्या मंडळाच्या गणपतीला अजून वेळ आहे असं वाटतंय, पण छपाईचं आत्ता ठरवलं नाही तर दरवर्षीसारखंच होणार, शेवटच्या आठवड्यात जो मिळेल त्याच्याकडून एक्स्प्रेस डिलिव्हरीचे पैसे भरून घ्यायचं आणि मग एजीएमला (वार्षिक सभेला) हिशोब वाचताना मी सगळ्यांची बोलणी खायची. यंदाची यादी: स्मरणिका २५० प्रती, स्टेजमागचा बॅनर, आमंत्रणं, जेवणाची कुपनं, व्हॉलंटियर्सचे टी-शर्ट (मोठ्यांचे ४०, पोरांचे २०). ग्रुपवर जो तो वेगळ्या साईटची लिंक टाकतोय आणि प्रत्येकाचा सवलतीचा कोड दुसऱ्यापेक्षा भारी. कुणीतरी शांतपणे बघून सांगा की कुठली सूट कशावर लागते आणि दोन-तीन सवलती एकत्र करता येतात का. बापू सध्या कोल्हापुरात आहेत असं वहिनी म्हणाल्या, बापू हे वाचत असाल तर तिकडचे भावही कळवा ना.

नीलम

---

प्रेषक: अभि

नीलमताई,

सगळ्या लिंका उघडून बघितल्या. तर, बहुतेक साईटवर एका ऑर्डरला एकच कोड चालतो, दुसरा टाकला की पहिला उडतो. "२०% आणि १०% मिळून ३०%" असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलेलं, ते होत नाही, आणि एखाद्या साईटने दोन्ही घेतले तरी १०० चे आधी ८० होतात आणि पुढचे दहा टक्के त्या ८० वर, म्हणजे ७२, सूट २८च झाली.

खरं जमतं ते वेगवेगळ्या लोकांच्या खिशातून येणाऱ्या सवलती एकावर एक चढवणं. साईटचा स्वतःचा सेल चालू असताना ऑर्डर टाकायची, वर एक कोड, साईटवर शिरायचं ते टॉपकॅशबॅक किंवा क्विडको या खरेदीचे थोडे पैसे परत देणाऱ्या (कॅशबॅक) साईटवरून, आणि पैसे भरायचे ते ज्या कार्डावर ऑफर चालू असेल त्याने. मेख अशी आहे की कॅशबॅकवाल्यांच्या पानावर नसलेला कोड बाहेरून आणून लावला तर ते कॅशबॅक नाकारू शकतात, आणि टक्केवारी सहसा व्हॅट आणि डिलिव्हरी वजा करून धरतात, त्यामुळे जाहिरातीत दिसतं तेवढं हातात पडत नाही. शिवाय ते पैसे जमा व्हायला कधीकधी महिने जातात आणि जमा होतात ते ऑर्डर करणाऱ्याच्या खात्यात, मंडळाच्या नाही, तेव्हा ताई तुम्ही आधीच लिहून ठेवा कुणाकडून किती यायचेत ते. पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

पाच जणांनी पाच नवीन अकाउंट काढून पाच वेळा नवीन गिऱ्हाईकाचा कोड वापरायचा ही आयडिया सोडून द्या, पाच वेळा डिलिव्हरी द्यावी लागते आणि जास्त संख्येवर भाव उतरतो तोही जातो.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट व्हॅट आहे आणि तिकडे कुणाचं लक्षच नाही. इथे पुस्तिका, ब्रोशर, लीफलेट यांच्यावर व्हॅट शून्य, पण पोस्टर, बॅनर, आमंत्रण पत्रिका, तिकिटं, कॅलेंडर यांच्यावर २०%. लहान मुलांच्या मापाचे टी-शर्ट पण शून्यात, मोठ्यांचे नाहीत. एक साईट भाव व्हॅटसकट दाखवते आणि दुसरी व्हॅटशिवाय, त्यामुळे ग्रुपवर जी तुलना चाललीय ना, ती आंबे आणि बटाटे मोजल्यासारखी आहे. स्मरणिकेच्या कोटेशनमध्ये कुणी व्हॅट लावला असेल तर आधी तो का लावला ते विचारा, कोड नंतर शोधू.

अभि

---

प्रेषक: बापू

मंडळी रामराम,

वाचतोय की. इथं पाऊस लई आहे, पंचगंगा ३९ फुटाच्या इशारा पातळीकडं चाललीय म्हणून रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघायचा आणि मग बाहेर पडायचं असं चाललंय, तरी शिवाजी पेठेतल्या एका जुन्या प्रेसमध्ये आणि राजारामपुरीत एका डिजिटलवाल्याकडं जाऊन आलो. वेळ बरी साधली म्हणायची. आषाढात लग्नं नाहीत, पत्रिकांची कामं थंड, मशीन मोकळं आहे. पण हे थोडेच दिवस हं, एकदा तालीम मंडळांची वर्गणीची पावती पुस्तकं आणि अहवाल सुरू झाले की आपल्याला कुणी विचारत नाही, आणि त्याच्या मागोमाग दिवाळी अंक आणि कॅलेंडरं.

प्रेसवाल्या काकांना मी पहिल्यांदा तेच विचारलं, सूट किती देणार. त्यांनी चष्मा वर केला, आपली फाईल बघितली आणि म्हणाले, "सूट कसली देऊ, तुमची चार पानं कमी करा की." आपली स्मरणिका ५२ पानांची झालीय ना. ऑफसेटला, म्हणजे प्लेट करून छापायला, एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून बसणाऱ्या १६ पानांचा एक फर्मा धरतात, ४८ म्हणजे तीन फर्मे बरोबर बसतात, वरच्या चार पानांसाठी परत प्लेट, परत मशीन लावणी, परत कागद वाया. आणि प्लेट-लावणीचा खर्च शंभर प्रती काढा नाहीतर हजार, तेवढाच. तेव्हा अध्यक्षांचं मनोगत, माजी अध्यक्षांचं मनोगत आणि सचिवांचं मनोगत या तिघांना एका पानात बसवा म्हणजे झालं, कुणाला राग आला तर माझं नाव सांगा. रंगीत जाहिराती सगळीकडं विखरून टाकल्यात त्या पण एकाच फर्म्यात गोळा करा. रंगीत म्हणजे चार प्लेटी, काळं म्हणजे एक, आणि एखाद्या फर्म्यात एक जरी जाहिरात रंगीत असली तरी त्या बाजूला चार प्लेटी लागतातच.

दुसरं, आमंत्रणं आणि कुपनं. आपण दरवर्षी ही दोन वेगळी कामं म्हणून टाकतो. राजारामपुरीतला पोरगा हुशार, त्यानं कॉम्प्युटरवर लगेच लावून दाखवलं. डिजिटलची शीट १३×१९ इंची. अर्ध्या शीटवर पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी म्हणजे ए-सिक्स साईजची चार आमंत्रणं बसतात, उरलेल्या अर्ध्यात साडेतीन बाय दोन इंची कुपनं बारा. आमंत्रणं २५० पाहिजेत तर ६३ शीट लागल्या, त्याच ६३ शीटांतून कुपनं निघाली साडेसातशे. कटिंगचे थोडे पैसे जादा, बाकी कुपनांचा छपाई खर्च जवळजवळ शून्य. अट एवढीच की दोन्हीला एकच कागद, एकदाच ऑर्डर, आणि मजकूर फायनल. एकाची तारीख बदलली की दोन्ही परत.

अभिनं कोडाचं सांगितलं ते सगळं बरोबर आहे, पण माझं म्हणणं असं की कोड तुम्ही जे छापताय त्याच्यावर वीस-पंचवीस टक्के कमी करतो, आणि आपण नको ते छापतोय आणि एकाच शीटवर बसणारं चार ठिकाणी छापतोय. ते आधी निस्तरा आणि मग लावा काय कोड लावायचा तो.

आता वजन, कारण मी विमानानं येणार आहे, बोटीनं नाही. ए-फोरचा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक कागद ५ ग्रॅम. आपली पुस्तिका ए-फाइव्ह, ४८ पानं म्हणजे तसले बारा कागद, ६० ग्रॅम, वर अडीचशे जीएसएमचं कव्हर, सोळा ग्रॅम धरा. एक प्रत ७६ ग्रॅम, अडीचशे प्रती १९ किलो. २३ किलोच्या एका बॅगेत बसतंय बघा, बॅग हलकी पाहिजे. १०० जीएसएमचा गुळगुळीत कागद पाहिजे असं कमिटीत ठरलं होतं म्हणे, त्यानं वजन २३च्या जवळ जातं आणि वर बॅगेचं वजन, म्हणजे जादा बॅगेचे पैसे, आणि ते कुठल्याच कोडानं भरून येत नाहीत. ८०चाच घ्या. सांगली-कोल्हापूरकडून अजून कोण परतणार असेल त्या सुमाराला तर कळवा, दोन बॅगांत वाटून टाकू. कुरिअरचं नाव काढू नका, २०१९ला आणि २०२१ला पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडलेला, यंदा काय होईल सांगता येत नाही.

टी-शर्ट इथनं नको. इचलकरंजी जवळ आहे म्हणून सगळ्यांना वाटतं स्वस्तात होतील, पण तिथं मुख्य काम मागाच्या कापडाचं, टी-शर्टचं होजिअरी, म्हणजे ताणणारं, कापड वेगळं. वर कपड्यांना तिकडं ड्यूटी लागते का ते बघावं लागेल, आणि वजन आहेच. तिथंच करा, फक्त डिझाईन एका रंगात ठेवा. स्क्रीन प्रिंटला दर रंगामागं एक स्क्रीन, म्हणजे पाच रंगी गणपती काढला की पाच स्क्रीनचे पैसे साठ टी-शर्टांवर वाटले जाणार.

बापू

---

प्रेषक: शुभांगी काकू

बापूंचं पत्र वाचून हसू आलं, तिन्ही मनोगतं एका पानात हे मी स्वतः अध्यक्षांना सांगणार आहे.

मला दोनच सांगायचंय. आमंत्रण गेल्या वर्षी छापलं आणि अर्धं परत आलं, सगळे व्हॉट्सॲपवरचं बघून आले, तेव्हा अडीचशे कशाला, ज्येष्ठ मंडळी आणि पाहुणे धरून शंभर खूप झाली. आणि बॅनरवर साल टाकू नका हो. गॅरेजमध्ये बॅनरांची चळत आहे, प्रत्येकावर वेगळं साल आणि वेगळा स्पॉन्सर. नुसतं "गणेशोत्सव" आणि मंडळाचं नाव असं कापडी बॅनर एकदा करा, स्पॉन्सरची पट्टी वेगळी छोटी छापा आणि खाली वेल्क्रोनं लावा, दरवर्षी फक्त पट्टी बदलायची. जवळच्या मंडळांनाही विचारा, त्यांचे पण टी-शर्ट याच महिन्यात होतात, सगळ्यांनी कोरे टी-शर्ट एकाच रंगाचे एकत्र घेतले तर घाऊक भाव मिळतो, छपाई ज्याची त्याने.

शुभांगी काकू

---

प्रेषक: मिलिंद

बापू, सगळं छान, पण बॅगेत २५० पुस्तकं घेऊन विमानतळावर कस्टम्सच्या ग्रीन चॅनलमधून (सांगण्यासारखं काही नाही त्यांच्या वाटेने) चालत येऊ नका. मंडळाचा माल आहे, तुमची वैयक्तिक वस्तू नाही, येण्याआधी ऑनलाइन डिक्लेअर करावं लागतं. छापील पुस्तकांना ड्यूटी नाही आणि व्हॅट शून्य, त्यामुळे भरायचं काही नाही बहुतेक, पण कागद हवा. आणि इन्व्हॉइस मंडळाच्या नावाने पक्कं घ्या. "बिल नको असेल तर अजून कमी करतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, ऑडिटला मी काय दाखवू.

दुसरं, मजकूर युनिकोडमध्ये आहे, जुन्या प्रेसमध्ये श्रीलिपी (जुन्या पद्धतीचे, युनिकोडशी न जुळणारे फॉन्ट) असते, परत टाईप करून घेतला तर दर पानाचे पैसे आणि वर रफार आणि जोडाक्षरांचा गोंधळ.

मिलिंद

---

प्रेषक: बापू

मिलिंद, काका स्वतःच म्हणाले पक्कं बिल जीएसटीसकट देतो, आधी मंडळाचं नाव इंग्रजीत आणि पत्ता पाठवा. डिक्लेरेशन तू भर, मी सही करतो.

टायपिंगचा प्रश्न नाही, आपण छपाईला तयार पीडीएफ द्यायची, फॉन्ट आत घातलेले, रंग छपाईच्या चार शाईंचे (सीएमवायके), चारी बाजूला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा. डीटीपीचे (टाईप करून पानं लावायचे) पैसे वाचतात. फक्त प्रूफ (तपासायची नमुना प्रत) पडद्यावर बघून ओके म्हणू नका, मी प्रेसमध्ये एक प्रत कागदावर काढून फोटो टाकतो, त्यातली नावं प्रत्येकानं आपापली तपासा. नाव चुकलं तर लोक वर्षभर बोलतात, भाव कुणी विचारत नाही.

काकूंचं शंभर आमंत्रणांचं पटलं, पण मग २५ शीट होतात आणि कुपनं फक्त तीनशे. जेवायला किती ते नीलम सांगेल. चारशे पाहिजेत तर शीटची वाटणी बदलू, आमंत्रणं कमी आणि कुपनं जादा, तो पोरगा पाच मिनिटांत करतो.

---

प्रेषक: नीलम (खजिनदार)

जेवायला ३८०, पोरं धरून. कुपनं ४०० करा.

बाकी असं धरते: स्मरणिका ४८ पानी, ८० जीएसएम, बापू कोल्हापुरातून. आमंत्रणं आणि कुपनं तिथूनच एका शीटवर. बॅनर कापडी, सालाशिवाय, इथे, अभिच्या सेल-कोड-कॅशबॅक पद्धतीने, कॅशबॅक अभिच्या नावावर लिहून ठेवलंय बरं का अभि. टी-शर्ट एका रंगात, पोरांच्या मापांना व्हॅट लावलाय का ते बघून मगच पैसे भरायचे, शेजारच्या मंडळांना मी आज फोन करते.

बापू, अध्यक्षांना काकूंनी सांगितलं. ते म्हणतायत माझं मनोगत अर्ध्या पानात बसेल पण फोटो रंगीत पाहिजे.

नीलम

---

प्रेषक: बापू

कव्हरच्या आतल्या बाजूला घ्या फोटो. कव्हर नाहीतरी रंगीतच आहे.