चिमटे आणि घड्याळाच्या भागांतील चुंबकत्व काढण्यासाठी घरी कॉइल बनवता येईल का?

प्रश्न
घड्याळ दुरुस्तीचे माझे पोलादी चिमटे इतके चुंबकित झाले आहेत की उचललेला स्क्रू जागेवर ठेवताना सुटतच नाही. त्यांनीच हाताळलेले एक चावीचे मनगटी घड्याळ आता बरेच पुढे पळते. माझ्याकडे ०.५ मिलिमीटर जाडीची, एनॅमलचा थर असलेली तांब्याची तार आहे. ती नळीवर गुंडाळून थेट २३० व्होल्टला जोडली तर चालेल का?

उत्तर १
कृपया थेट जोडू नका. ५० मिलिमीटर व्यासाच्या आणि ४० मिलिमीटर लांबीच्या प्लॅस्टिकच्या रिळावर या तारेचे ८०० वेढे घेतल्यास, २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर तिच्यातून सुमारे दीड अँपिअर ए.सी. प्रवाह जातो व चिमट्यांसाठी तो पुरेसा आहे. हीच कॉइल २३० व्होल्टला लावली तर प्रवाह १५ अँपिअरच्या आसपास जाऊन ती जळेल, शिवाय विजेच्या धक्क्याचा धोका वेगळाच. रीळ धातूचे नसावे, कारण धातूची नळी बंद वेढ्याप्रमाणे वागते आणि तापते. दीड अँपिअरलाही ही तार लवकर गरम होते, त्यामुळे दाबून धरायचे बटण लावावे आणि एका वेळी दहा सेकंदांहून अधिक वापरू नये.

उत्तर २
कॉइलइतकेच महत्त्व वस्तू बाहेर काढण्याच्या पद्धतीला आहे. ५० हर्ट्झच्या प्रवाहात चुंबकीय क्षेत्राची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, आणि वस्तू हळूहळू दूर नेली की प्रत्येक उलटापालटीनंतर उरणारे चुंबकत्व आधीपेक्षा कमी होत जाते. म्हणून बटण दाबलेले असतानाच चिमटा सरळ रेषेत, पाच-सहा सेकंदांत हातभर लांब न्यावा आणि मगच बटण सोडावे. वस्तू आत असताना प्रवाह तुटला, तर त्या क्षणाच्या क्षेत्राने ती पुन्हा चुंबकित होऊ शकते.

घड्याळ पुढे पळण्याचे कारण बहुधा हेअरस्प्रिंगचे (घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटणे हेच असावे. त्यामुळे स्प्रिंगची काम करणारी लांबी कमी होते. ते घड्याळही याच रीतीने कॉइलमधून काढता येईल. क्वार्ट्झ घड्याळ मात्र आत घालू नये, कारण त्याच्या मोटरमधील रोटर, म्हणजे फिरणारा भाग, हा स्वतःच चुंबक असतो आणि तो कमकुवत होण्याची भीती असते.

प्रश्नकर्ता
आपले मनापासून आभार. २४ व्होल्टवर कॉइल तयार केली. पहिल्या वेळी चिमटा आत असतानाच माझ्याकडून बटण सुटले आणि तो पूर्वीइतकाच स्क्रू ओढू लागला. दुसऱ्या वेळी सांगितल्याप्रमाणे हात पूर्ण लांब केला. आता काम झाले की नाही हे होकायंत्राने कसे ओळखावे?

उत्तर २
चिमट्याचे एकच टोक सुईच्या दोन्ही टोकांजवळ आळीपाळीने, थोड्या अंतरावरून न्या. साधे पोलाद दोन्ही टोकांना ओढते, त्यामुळे नुसत्या आकर्षणावरून काही सिद्ध होत नाही. सुईचे एखादे टोक दूर ढकलले गेले, तर चुंबकत्व शिल्लक आहे असे समजून चिमटा पुन्हा एकदा कॉइलमधून काढा.